पहिलं लगेच राहिलं, मग दुसऱ्याला उशीर का? मानेवाड्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई 36 वर्षांच्या, नागपुरात मानेवाड्याला राहतात. सात वर्षांची मुलगी आहे. ती लग्नानंतर चार महिन्यांतच राहिली होती, बाळंतपण सिझरने झालं. तीन वर्षांपूर्वी नको असताना दिवस राहिले तेव्हा मेडिकल स्टोअरमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतल्या, नंतर कॉपर टी बसवली. ती काढून आता आठ महिने झाले. नवरा 39 वर्षांचा, चंद्रपूरला बॉयलरवर शिफ्ट ड्युटी, पंधरा दिवसांतून एकदा शनिवार-रविवार घरी. पाळी पूर्वी 30 दिवसांनी यायची, आता 26 दिवसांनी येते, आणि संपल्यावरही तीन-चार दिवस तपकिरी डाग दिसतात. एका वंध्यत्व सेंटरमध्ये एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) 1.2 आला आणि तिथे थेट आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सांगितलं. घरात सासूबाई म्हणतात, "पहिलं तर लगेच झालं, आता काय झालं?" ताईंचे प्रश्न दोन: मी उशीर केला का, आणि आयव्हीएफ लगेच करून टाकू का?

आधी सरळ उत्तर देते. उशीर झालेला नाही, पण आणखी वर्षभर नुसती वाट पाहत बसण्याइतका वेळही हाताशी नाही. आयव्हीएफला आज हो म्हणू नका. तुमच्या पत्रात न राहण्याची चार-पाच कारणं दिसतात, आणि त्यातलं एकही त्या एएमएचच्या कागदावर लिहिलेलं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या नवऱ्याची एकही तपासणी झालेली नाही.

सासूबाईंच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते आणि त्याने बायकांचं फार नुकसान होतं. पहिलं मूल सहज झालं, याचा अर्थ त्या वेळी तुमची बीजं, तुमच्या गर्भनळ्या, तुमची गर्भपिशवी आणि नवऱ्याचे शुक्राणू ठीक होते. त्याला आठ वर्षं होत आली. मध्ये तुमचं वय वाढलं, सिझर झालं, गोळ्या घेतल्या गेल्या, नवऱ्याची नोकरी बदलली. आजची परिस्थिती आजच तपासावी लागते. एक मूल झाल्यावर दुसऱ्याला दिवस न राहणं हे अजिबात दुर्मीळ नाही. फरक इतकाच की या बायका उशिरा येतात, कारण "एक झालंय, म्हणजे दोष नाही" असं घरचेही समजतात आणि कधी कधी डॉक्टरही.

पस्तिशीखालच्या जोडप्याला आम्ही वर्षभर प्रयत्न करून मग तपासणी करायला सांगतो. पस्तिशी ओलांडली की सहा महिने, आणि चाळिशीनंतर लगेच. तुमचे आठ महिने झालेत, म्हणजे तपासणीची वेळ आलेली आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही.

वयाचं गणित स्वच्छ सांगते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि पस्तिशीनंतर घट वेगाने होते. संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बीजाची प्रत. वय वाढतं तसं बीजातल्या गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात, म्हणून दिवस राहायला वेळ लागतो आणि राहिलेले पडण्याचं प्रमाणही वाढतं. पंचविशीत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता 20 ते 25 टक्के धरली, तर तुमच्या वयात ती साधारण 15 टक्क्यांच्या आसपास येते आणि चाळिशीत 5 टक्क्यांपर्यंत उतरते. महिन्याला 15 टक्के म्हणजे सगळं ठीक असतानाही अनेक महिने हुकणारच. पाळी 30 वरून 26 दिवसांवर आली, हीसुद्धा वयाचीच खूण आहे. बीज तयार व्हायला लागणारे सुरुवातीचे दिवस कमी होतात. आजार नाही तो, पण त्यामुळे तुमचं तारखांचं गणित बदलतं. त्याकडे पुढे येते.

आता तो एएमएच. या एका तपासणीने जितक्या बायकांना रडवलंय तितकं दुसऱ्या कुठल्या रिपोर्टने रडवलं नसेल. एएमएच बीजांचा उरलेला साठा अंदाजे सांगतो. आयव्हीएफची इंजेक्शनं दिली तर किती बीजं तयार होतील, हे ठरवायला तो उपयोगी आहे. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकत्याच प्रयत्न सुरू केलेल्या 30 ते 44 वयाच्या 750 बायका त्यात होत्या. एएमएच कमी असलेल्यांना आणि ठीक असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण सारखंच निघालं. कारण साधं आहे: महिन्याला लागतं एकच बीज. तुमच्या वयाला 1.2 हा आकडा थोडा खालचा आहे. त्याचा अर्थ इतकाच की निर्णय वर्षानुवर्षं लांबवू नका. नुसत्या या आकड्यावर कुणी आयव्हीएफ सांगत असेल, तर तिथून फाइल उचलून दुसरं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुम्ही आठ महिने म्हणता, पण त्यांत खरे प्रयत्न किती महिने झाले, ते बघू या. बीज फुटल्यावर 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र पिशवीत आणि नळ्यांत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून दिवस राहण्याचा काळ म्हणजे बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यातही आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी फुटतं. तुमची पाळी 26 दिवसांची, म्हणजे बाराव्या दिवसाच्या आसपास. मोबाइलमधलं अ‍ॅप जुन्या 30 दिवसांच्या हिशोबाने सोळावा दिवस दाखवत असेल, तर ते तुम्हाला गाडी सुटून गेल्यावर स्टेशनवर पाठवतंय.

त्यात नवरा पंधरवड्यातून एकदा येतो. घरातलं कालनिर्णय काढा. गेल्या आठ पाळ्यांचे पहिले दिवस लाल पेनने गोल करा, प्रत्येकीचा सातवा ते बारावा दिवस निळ्या पेनने रंगवा आणि मग नवरा घरी असलेल्या तारखांवर खूण करा. अशा जोडप्यांचं कॅलेंडर मी समोर ठेवून बघते, तेव्हा बहुतेक वेळा निळ्या पट्ट्यांत निम्म्याच खुणा पडतात, आणि त्यांतल्याही काही पट्टीच्या अगदी सुरुवातीला. म्हणजे आठ महिन्यांपैकी खरे प्रयत्न तीन-चार. हे कळलं की कित्येक बायकांच्या खांद्यावरचं ओझं तिथेच उतरतं.

यावर उपाय आहे. पुढचे तीन महिने सातव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध येतील अशी सुट्टी किंवा शिफ्ट जुळवा. दोन महिने ते जुळवतील, एक महिना तुम्ही मुलीला घेऊन चंद्रपूरला जा. मेडिकल स्टोअरमध्ये लघवीवर करायची ओव्ह्युलेशन किट (बीज फुटण्याची वेळ सांगणारी) मिळते. तिच्यावर दुसरी रेघ ठळक आली की पुढच्या 24 ते 36 तासांत बीज फुटतं. मात्र किटवर रेघ दिसायची वाट पाहून मग चंद्रपूरहून निघायचं, असं करू नका. आधीचे दिवस हातचे जातील. रोज संबंध ठेवलेच पाहिजेत असंही नाही, आणि संबंधांनंतर पाय भिंतीला लावून झोपण्याने काही फरक पडत नाही. कोरडेपणासाठी बाजारातली साधी जेली वापरत असाल तर या दिवसांत टाळा, काही जेलींनी शुक्राणूंची हालचाल मंदावते.

आता नवऱ्याबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

दिवस न राहण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर सापडतं. तरीही आपल्याकडे बाईची सोनोग्राफी, रक्त, एएमएच, नळ्यांचा एक्स-रे असं सगळं होतं आणि नवऱ्याची साधी, स्वस्तातली वीर्यतपासणी शेवटी उरते. ओपीडीत टेबलाच्या पलीकडे बसलेला नवरा ठरलेलं वाक्य बोलतो: "मॅडम, पहिली पोरगी झालीच ना, मंग माही टेस्ट कायले?" मी त्याला सांगते, तुझे शुक्राणू आठ वर्षांपूर्वीचे नाहीत रे, गेल्या अडीच महिन्यांत तयार झालेले आहेत. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात. त्या दिवसांत ताप येऊन गेला, उन्हात काम झालं, खर्रा चालू राहिला, तर त्याची नोंद पुढच्या रिपोर्टमध्ये दिसते.

खर्रा तर आपल्या नागपुरात प्रत्येक चौकात घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आली, पण खर्र्याची पुडी खिशातून काही गेली नाही. तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी आढळतात. बरेच जण सांगतात, "मी सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो." शुक्राणूंच्या दृष्टीने त्यात दिलासा नाही. तुमच्या पत्रात नवऱ्याच्या सवयींचा उल्लेख नाही. ते खात असतील तर आजपासून बंद. तीन महिन्यांनी फरक मोजता येतो, आणि ही गोष्ट त्यांच्या एकट्याच्या हातातली आहे, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

दुसरं म्हणजे उष्णता. वृषण शरीराबाहेर असतात ते त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावं लागतं म्हणूनच. बॉयलरजवळ आठ-आठ तासांची शिफ्ट, त्यात चंद्रपूर-नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या वर. नोकरी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्रयत्नांच्या काळात काही महिने बॉयलरपासून दूरचं काम मागता येतं का ते विचारावं, सैलसर सुती कपडे घालावेत, मोटरसायकलवरचे लांबचे प्रवास कमी करावेत, लॅपटॉप मांडीवर ठेवू नये. उन्हाळ्यात बिघडलेला रिपोर्ट जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो आणि दिवाळीपर्यंत सुधारतो, असंही होतं. म्हणून रिपोर्ट एकदा कमी आला की घाबरायचं नाही. काही आठवडे ते तीन महिने जाऊ देऊन पुन्हा करायचा. मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबूनच करायचा.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. नमुना घरून आणायचा असेल तर डबी खिशात शरीराच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायची. रिपोर्ट आला की आकडे पाहून लोक हबकतात, विशेषतः "नॉर्मल आकार 4 टक्के" हे वाचून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार 4 टक्के ही चालणारी खालची मर्यादाच आहे. संख्या मिलिलीटरला 1 कोटी 60 लाखांच्या वर आणि एकूण हालचाल 42 टक्क्यांच्या वर असेल तर रिपोर्ट ठीक समजतात. कमी आला तर शारीरिक तपासणी हवी, कारण व्हेरिकोसील म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा वयाबरोबर वाढू शकतात, आणि पहिलं मूल झालेल्या पुरुषांतही त्या सापडतात. आणि जिमवाल्याने दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी घेत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. "ताकदीची" ती इंजेक्शनं शुक्राणू तयार होणंच थांबवतात.

तुमच्याकडे येते. तुम्ही ओझरतं लिहिलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर सुरक्षित आहेत, आणि नुसत्या त्या घेतल्याने पुढे दिवस राहत नाहीत हा समज खरा नाही. अडचण होते ती गर्भ पूर्ण पडला नाही, आत काही राहिलं, जंतुसंसर्ग झाला किंवा नंतर क्युरेटिंग (पिशवी साफ करणं) करावं लागलं तर. तेव्हा रक्तस्राव किती दिवस चालला, ताप आला होता का, ओटीपोटात दुखलं का, पिशवी साफ केली होती का, हे आठवून ठेवा. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली असेल तर पिशवीचं अस्तर चिकटलं का ते बघावं लागतं. हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. सासरी ठाऊक नसेल तर आत एकट्या जा आणि तसं सांगा. तुमची गोष्ट गुप्त ठेवणं हे आमचं कर्तव्य आहे.

दुसरी, पाळीनंतरचे तपकिरी डाग. सिझरच्या टाक्यांच्या जागी कधी कधी पिशवीच्या भिंतीला आतून खळगी राहते आणि पाळीचं रक्त त्यात साचून नंतर हळूहळू बाहेर येतं. सिझर झालेल्या अनेक बायकांत अशी खळगी असते, आणि त्यांतल्या बहुतेकींना दिवसही राहतात. पण ती मोठी असेल, पिशवीत पाणी साचत असेल, तर गर्भ रुजायला अडथळा येऊ शकतो. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते, टाक्याची जाडी मोजता येते. डाग पिशवीच्या तोंडावरच्या सुजेमुळे, अस्तरातल्या कोंबामुळे (पॉलिप) किंवा थायरॉइडमुळेही येतात, म्हणून तपासून घेणं बरं. खळगी दिसली म्हणून लगेच ऑपरेशन करायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

नळ्यांची तपासणी म्हणजे एचएसजी. पाळीचं रक्त थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसांत करतात. एक्स-रेच्या टेबलावर झोपवून पिशवीच्या तोंडातून औषध सोडतात आणि पडद्यावर ते नळ्यांतून पलीकडे पडतंय का ते बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. कळ येते, पाळीतल्या कळीसारखी, कुणाला जास्त. तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी घ्या, सोबत कुणाला तरी न्या, आणि त्या महिन्यात तपासणी होईपर्यंत संबंध टाळा. नळ्या बंद निघाल्या तर आपल्या देशात पिशवीचा क्षयरोग हे एक कारण ध्यानात ठेवावं लागतं, पुरावा पाहून. नुसत्या एका संशयाच्या रिपोर्टवर सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू करणं मला पटत नाही.

बाकी तपासण्या पटकन सांगते. थायरॉइड, गरज वाटली तर प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, साखर. पहिल्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती का ते जुन्या फाइलमध्ये बघा, वाढली असेल तर एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आधीच करून घ्या. रुबेलाची लस झाली नसेल तर आता घ्या आणि एक महिना थांबा. फॉलिक अ‍ॅसिड आजपासून सुरू करा, दिवस राहण्याची वाट पाहू नका. बाळाच्या मणक्याची नळी मिटते तेव्हा बहुतेकींना दिवस राहिल्याचं नुकतंच कळलेलं असतं. वजन जास्त असेल आणि पाळी अनियमित असेल तर पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर बीज फुटणं सुधारतं. ज्या कुणी अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होत्या, त्यांना शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागणं सामान्य आहे. कॉपर टी काढल्यावर तसं थांबावं लागत नाही.

विदर्भातल्या प्रत्येक जोडप्याला मी एक तपासणी आग्रहाने सांगते: सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात याचे वाहक बरेच आहेत, आणि वाहक माणसाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला माहीतच नसतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिली मुलगी निरोगी आहे म्हणून दुसरं बाळही निरोगी होईल, असा हिशोब इथे चालत नाही. प्रत्येक वेळी पुन्हा तेच 25 टक्के. पहिल्या वेळची गरोदरपणाची फाइल काढा, त्यात सिकलसेलची नोंद असेल. फक्त प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी झाली असेल तर दोघांची एचपीएलसी ही रक्ताची पक्की तपासणी करून घ्या, त्यात थॅलेसेमियाचंही कळतं. सिंधी कुटुंबांत तर ते बघायलाच हवं. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, सरकारी दवाखान्यात विचारा. दोघेही वाहक निघालात तर दिवस राहिल्यावर 11 ते 13 आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. हे आधी माहीत असलं की घाईगडबड होत नाही.

या सगळ्यासाठी मोठ्या सेंटरमध्येच जावं लागतं असं नाही. नागपुरातल्या मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो, डागा किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत सुरुवातीची तपासणी कमी खर्चात होते. गर्दी असते, एक दिवस जातो, पण पैसे पुढच्या उपचारांसाठी राहतात.

आता पुढची पायरी. रिपोर्ट सगळे ठीक आले, तर तारखा नीट जुळवून तीन-चार महिने. तरी राहिलं नाही तर लेट्रोझोलसारख्या बीज वाढवणाऱ्या गोळ्या आणि सोनोग्राफीवर बीजाची वाढ बघणं, गरज पडली तर त्याबरोबर आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट पिशवीत सोडणं. आययूआयमध्ये एका वेळी यश साधारण 10 ते 15 टक्के मिळतं, म्हणून तुमच्या वयात तीन वेळांच्या पुढे मी फारसं जात नाही. नवरा बाहेरगावी असणाऱ्यांना तारीख साधण्यासाठी त्याचा वेगळा उपयोगही होतो. दोन्ही नळ्या बंद असतील किंवा शुक्राणू फारच कमी असतील, तर मधल्या पायऱ्यांत वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ. तुमच्या वयाला एका प्रयत्नात साधारण तीनातल्या एकीच्या हातात बाळ येतं, चाळिशीनंतर ते बरंच खाली जातं, आणि एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या वर सहज जातो. "गॅरंटी" देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. 2021 च्या कायद्याने अशा सेंटरला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

दिवस राहिले की सहा-सात आठवड्यांना पहिली सोनोग्राफी नक्की करा. सिझर झालेल्या बाईत गर्भ जुन्या टाक्याच्या जागी रुजलेला नाही ना, हे लवकर बघणं जिवाचं काम आहे. पडण्याची शक्यता तुमच्या वयात साधारण पाचात एक असते. तसं झालं तर ते बहुतेक वेळा गुणसूत्रांमुळे होतं, तुम्ही जिना चढलात किंवा पपई खाल्लीत म्हणून नाही. डाऊन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीत सुमारे 350 मध्ये एक, चाळिशीत 100 मध्ये एक. त्यासाठी 11 ते 13 आठवड्यांतला एनटी स्कॅन (सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (रक्ततपासणी), किंवा परवडत असेल तर दहाव्या आठवड्यानंतर एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणं), मग 18 ते 20 आठवड्यांतला मोठा स्कॅन. तुमच्या वयाच्या कित्येक बायकांची बाळंतपणं आम्ही दरवर्षी सुखरूप करतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मुलगी पहिली असली की घरात ती असतेच. दुसऱ्या वेळी मुलगाच व्हावा म्हणून कुणी औषधं सांगतं, कुणी गोऱ्हा झालेल्या गाईचं दूध, कुणी चिनी कॅलेंडरची तारीख, कुणी चोरून लिंग सांगणारा परराज्यातला पत्ता. बाळाचं लिंग पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं आणि ते बदलणारी कुठलीही पुडी नाही. अशा पुड्यांत काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घेतलेल्या अशा औषधांनी बाळात व्यंग येऊ शकतं. लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात कुणी हा विषय काढला तर "डॉक्टरांनी साफ नाही सांगितलंय" म्हणून माझ्यावर ढकला.

तुम्ही लिहिलंय की रडू येतं तेव्हा बहीण म्हणते, "एक आहे ना, ज्यांना एकही नाही त्यांचं बघ." ती चांगल्या मनाने म्हणत असेल, पण तुमचं दुःख खोटं नाही. पदरात एक लेक असताना दुसऱ्याची ओढ वाटणं ही हाव नाही. मुलीची शाळा, घर, सासूबाईंचं औषध आणि दर महिन्याची ती निराशा हे सगळं तुम्ही एकट्याने, नवरा दीडशे किलोमीटरवर असताना सांभाळताय. म्हणून उपचारांआधी दोघांनी एकदा निवांत बसून ठरवा: आपण कुठवर जाणार, किती महिने, किती पैसे, आयव्हीएफ करायचं की नाही, आणि नाही झालं तर तिघांचं घर आपल्याला पुरतं का. ही गोष्ट पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी बोलून झालेली बरी. निर्णय दोघांचाच, सासूबाईंना तो सांगायचा, विचारायचा नाही.

येत्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त आणि सोनोग्राफीला या. एएमएच पुन्हा करू नका, आहे तो चालेल. सोबत पहिल्या बाळंतपणाची फाइल आणि सिझरचं डिस्चार्ज कार्ड आणा, त्यात टाके कसे घातले ते लिहिलेलं असतं. कालनिर्णयाची ती रंगवलेली पानं आणा. आणि नवऱ्याला त्याच आठवड्यात एक दिवस सुट्टी काढायला सांगा, वीर्यतपासणी त्याच दिवशी होऊन जाईल.